दिव्याखालची मिरची

१२ जानेवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्राला कारण तसं विशेष काही नाही, असं लिहिणार होते. पण तू दुसऱ्या ओळीला ओळखशील. कारण आहे. फोन तू उचलत नाहीस. पत्र निदान फाडायच्या आधी वाचशील, या आशेवर लिहिते आहे. तुमच्या काचघरात दिव्यांखाली वाढवलेली रोपं घेऊन येणारा ड्रायव्हर भाजीबाजारात भेटला. म्हणाला, "द्या की, रोज सकाळी गाडी रिकामी करून परत जातो, दुपारपर्यंत त्यांच्या हातात देतो." भला माणूस आहे. मिशा बघून वाटत नाही.

इकडे सगळे खुशाल. म्हणजे मी खुशाल. काम चालू आहे, शिडीवर चढताना गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. बाबांचं पुढे सांगते. आधी माझा प्रश्न.

घरात वाढवायच्या मिरचीच्या झाडांना दिवा कुठला लावायचा?

हसून घे एकदा पोटभर. हसलास? आता वाच. दुकानांच्या शोकेसमध्ये दिवे लावण्यात माझा जन्म चालला आहे. सोन्यावर कुठला टाकायचा, पांढऱ्या कापडावर कुठला, शिळा पाव आत्ताच भट्टीतून काढल्यासारखा दिसायला कुठला, हे मला झोपेतून उठवून विचार. म्हणून बाबांनी खोलीत कुंड्या मांडल्या तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "दिव्याचं माझ्यावर सोडा." भाजीच्या दुकानात लावतो ते फोकस आणून लावले. काय दिसायला लागली रोपं! रस्त्यावरचं गिऱ्हाईक पाय थांबवून बघेल अशी. आणि बघता बघता सगळ्यांची काडी झाली. उंच, फिकी, मान टाकलेली. दोन पानांच्या मधे इतकं अंतर की त्यावर कपडे वाळत घालावेत. मी आणखी एक फोकस लावला. काही नाही. मग खाली आणला, तर उष्णतेने पानं करपली. वर नेला, पुन्हा माना खाली. बाबा लेथवरचं जुनं कॅलिपर काढून रोज खोडाची जाडी मोजतात आणि माझ्याकडे बघतात. बोलत नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

ही आपली वाकडीच आहे रे. मागच्या अंगणातली, टोकाला वळणारी. बाबांनी दर वर्षी सगळ्यांत वाकडी मिरची निवडून तिचंच बी धरत धरत केलेली. जगात दुसरीकडे कुठे नाही असं ते म्हणायचे आणि आई म्हणायची, "जगाला गरज नसेल." अंगण रस्त्यात गेलं ते तुला माहीत आहे. आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत. बाबांच्या खोलीची खिडकी गोदामाच्या भिंतीकडे उघडते, ऊन म्हणून आत येत नाही, आणि जिन्यात कुंड्या ठेवल्या की रखवालदार खाली नेऊन ठेवतो. सामान हलवताना बियांच्या डबीला ओल लागली. जेवढं धड होतं तेवढं सगळं बाबांनी पेरलं. त्यातून ही चार रोपं उगवली. आता घरात एक बी शिल्लक नाही. ही गेली की वाकडी गेली.

आता बाबांचं.

पोटात दुखायचं त्यांच्या. तपासून आणलं तर पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. डॉक्टरीणबाई समजूतदार आहेत. म्हणाल्या, "पिशवी काढून टाकू, ऑपरेशन साधं आहे. पण एखादा खडा नळीत सरकला तर ते साधं राहणार नाही. तोवर घरी एकच लक्ष ठेवा. डोळे पिवळे दिसले तर तशाच निघा." बाबांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि जिना उतरताना मला म्हणाले, "झाडांना मिरची धरू दे. मग जाऊ."

मी भांडले, रडले, एक दिवस बोलले नाही. काही उपयोग नाही. तू ओळखतोसच. आई अशीच साध्या ऑपरेशनला म्हणून आत गेली होती आणि तू शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन थेट दवाखान्यात आला होतास. बाबांना वाटतं तेही परत येणार नाहीत. आणि आपल्याआधी वाकडी संपायला नको, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं आहे. तेव्हा समजून घे, मी तुला बागेचा शौक म्हणून विचारत नाही. चार काडीसारख्या रोपांवर माझा बाप अडून बसला आहे. लवकरात लवकर मिरची धरेल असा दिवा सांग. तू दिवसभर त्याच दिव्यांखाली उभा असतोस.

तुझं नाव बाबांना सांगणार नाही. मलाच सुचलं म्हणेन. तुमच्या दोघांच्या मधे मी याआधीही पुष्कळ खोटं बोलले आहे, हे त्यातलं सगळ्यांत निरुपद्रवी.

उत्तर मिशीवाल्याकडे दे.

तुझी,
ताई


६ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

तुझा कागद तेव्हाच मिळाला होता. डिलिव्हरीच्या चलनाची पाठकोरी बाजू, ना मायना, ना सही. तरी मी तो चार वेळा वाचला, कारण तुझं अक्षर अजून तसंच आहे, शेवटच्या शब्दाला घाईत लाथ मारल्यासारखं. "डोळ्याला काय दिसतं ते विसर, ताई. पानाला पोटभर लागतं. झाडांसाठीचा पांढरा पॅनल मिळतो तो घे. शेंड्यापासून दीड वीत वर टांग. रात्री बंद कर, झाडालाही झोप लागते. जांभळा घेऊ नकोस. माणूस राहतो त्या खोलीत तर नकोच, पानावर रोग आला तरी कळत नाही."

आता ओरडू नकोस. मी जांभळा घेतला.

पांढरा मिळेना. ज्याच्याकडून मी एरवी माल उचलते तो म्हणाला, मागवावा लागेल, महिना धर, जास्तच. आणि त्याच्याच फळीवर हा जांभळा पडलेला, मासेविक्याच्या दुकानाने परत केलेला, धूळ खात. महिना थांबायचं म्हणजे बाबांच्या पोटातले खडे महिनाभर तसेच. मी उभ्या उभ्या ठरवलं. काखेत मारून आणला आणि संध्याकाळच्या आत टांगला.

आणि बारक्या, झाडं काय सुधारली म्हणून सांगू! जुने लांबुडके शेंडे बाबांनी खुडले आणि खालून अशी फूट आली की कुंडी दिसेना. खोड बोटाएवढं झालं. बाबा कॅलिपर लावून आकडा मोठ्याने वाचतात, जणू क्रिकेटचा स्कोर. खोली मात्र सर्कशीचा तंबू झाली आहे. सगळं गुलाबी-जांभळं. पानं काळी दिसतात, पांढरी चादर वांग्यासारखी दिसते. खालचा रखवालदार परवा आवाज खाली आणून मला विचारत होता, "ताई, वर काही धंदा सुरू केला का?" बाबांचा पलंग त्याच खोलीत. दिवसभर ते झाडांजवळ खुर्ची टाकून बसतात. मी सकाळी अंधारात बाहेर पडते, अंधार पडल्यावर घरी येते, आणि येते तेव्हा हे आपले जांभळे होऊन बसलेले असतात. "या तुमच्या राज्यात मला काही दिसत नाही," मी म्हणते. "दिसायचं ते झाडाला दिसतंय," ते म्हणतात. बघ, तुझंच बोलणं, उसनं माझ्याकडून घेतलेलं.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्हीच म्हणायचात ना, दिव्याखाली वाढतं ते पीक नाही, सूज आहे?" त्यांनी कॅलिपर खाली ठेवलं. मला लगेच वाईट वाटलं, कारण त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग आम्हा दोघांनाही आठवला. 'आणि ती सूज वाढवणारा माझा मुलगा नाही.' तू काचघरातली नोकरी धरलीस त्या दिवशी जेवताना ते बोलले होते, आणि तू ताटावरून उठलास, हात धुतलास आणि गेलास. मी ते आजवर कुठे लिहिलं नव्हतं. लिहिलं तर खरं होईल असं वाटायचं. ते खरंच आहे, मी लिहून काही जास्त खरं होत नाही.

आता अडचण. फुलं आली, पांढरी टपोरी, आणि गळून चालली आहेत. सकाळी पाच उमललेली असतात, संध्याकाळी कुंडीत पडलेली. बाबा ती तळहातावर घेऊन बसतात. परवा म्हणाले, "आपल्या अंगणात माश्या यायच्या." बस, एवढंच. मला रडू फुटलं, मी भांडी घासायला गेले. दिवा जास्त होतोय का? पाणी? काय करू ते ताबडतोब सांग. फूल टिकल्याशिवाय मिरची नाही, मिरचीशिवाय ऑपरेशन नाही, इतका साधा हिशोब आहे आणि माझ्या हातात त्यातलं काही नाही.

बाबांची तब्येत तशी बरी. जेवण अर्ध्यावर आलं आहे. अंगाला खाज सुटते म्हणतात, रात्रभर खाजवत असतात. मला वाटतं दिव्यामुळे असेल. तुमच्याकडच्या माणसांना होतं का रे असं? होत असेल तर काय लावता?

डोळे मी रोज न चुकता बघते. कामावर निघायच्या आधी हनुवटी वर करून, दिवा लावून, खालची पापणी ओढून. ते वैतागतात. "मी काय शोकेसमधला माल आहे का?" पिवळे नाहीत. तेवढं एक समाधान आहे.

फूलगळीचं मात्र विसरू नकोस. मिशीवाल्याला मी सांगून ठेवलं आहे, तुझ्या उत्तराशिवाय बाजारात यायचं नाही.

तुझी,
ताई


३ एप्रिल, दवाखाना

चि. बारक्या,

आशीर्वाद. हे पत्र बाकावर बसून मांडीवर लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

तू सांगितल्याप्रमाणे केलं होतं. दुपारी फुलं उमललेली असताना बोटाने हलक्या टिचक्या मारायच्या आणि टेबलफॅन लांबून सोडायचा. टिचक्या मारायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. मला हात लावू देत नव्हते. "तुझं बोट शिडी धरणारं आहे," म्हणे. आणि धरल्या, बारक्या, मिरच्या धरल्या. पहिली हरभऱ्याएवढी झाली तेव्हा त्यांनी मला कामावर फोन करून बोलावून घेतलं. मी एका कपड्याच्या दुकानात अर्धवट टांगलेला दिव्यांचा ट्रॅक तसाच सोडून धावत आले. चारही झाडांवर होत्या. टोकाला वळायलाही लागल्या होत्या. मी तिथेच म्हटलं, "झालं ना? उद्या डॉक्टरीणबाईंना फोन करते."

तर म्हणाले, "हिरवी आहे अजून. लाल होऊ दे."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारच्यांनी ऐकलं असेल. शेवटी म्हटलं, शब्द फिरवता? तर शांतपणे म्हणाले, "हिरव्या मिरचीतलं बी कच्चं असतं, पेरलं तर उगवत नाही. मला मिरची खायची नाही, बी धरायचं आहे. लाल झाली की दुसऱ्या दिवशी चल." खरंच आहे ना ते? लाल व्हायला किती वेळ लागतो ते तुला विचारायचं म्हणून मी मनातल्या मनात पत्र जुळवत होते. तेवढ्यात आज दुपारी वीज गेली.

आज मला सुट्टी होती. पंखा बंद, दिवा बंद, झाडांना उजेड नाही. बाबा म्हणाले, कुंड्या जिन्यात नेऊ, तिथे झरोक्यातून उजेड येतो. रखवालदार ओरडला तर ओरडू दे. दोन मी उचलल्या, एक त्यांनी, चौथी मागून न्यायची होती. माझ्या दोन झरोक्याखाली ठेवल्या आणि मी आधी पानं बघितली. कितीतरी दिवसांनी मी ती खऱ्या उजेडात बघत होते. हिरवीगार, एक डाग नाही. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "बाबा, बघा तरी," आणि वर बघितलं.

ते कुंडी पोटाशी धरून उभे होते. पिवळे. डोळे पिवळे, मान पिवळी, कुंडीला धरलेली नखं पिवळी.

मी त्यांना घेऊन निघाले, तशीच, पायात घरातल्या चपला.

इथे डॉक्टरीणबाईंनी एका बोटाने पापणी खाली ओढली आणि विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी म्हटलं, आज दिसलं. त्या म्हणाल्या, "आजचं नाही हे. पंधरा-वीस दिवस तरी असणार. खाज नव्हती? जेवण कमी नव्हतं? घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "माझी मुलगी दिव्यांतली जाणकार आहे, डॉक्टर. ती रोज बघायची." ते माझी बाजू घेत होते, बारक्या. टोमणा नव्हता त्यात. खरंच माझी बाजू घेत होते.

जांभळ्या दिव्यात पिवळं दिसत नाही. हे मला माहीत आहे. सोनाराने तसला दिवा मागितला असता तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आणि रोज सकाळी मी स्वतःच्या बापाची हनुवटी धरून, मुद्दाम तो दिवा लावून, त्याच्याखाली डोळे बघत होते आणि नाही म्हणत होते. तू लिहिलं होतंस, रोग आला तरी कळत नाही. मला वाटलं, तू पानांचं बोलतो आहेस.

खडा नळीत अडकला आहे. ताप चढला आहे, रक्तात विष पसरायला लागलं आहे असं त्या म्हणतात. औषधं सलाइनमधून चालू आहेत, त्यांनी थोडा वेळ मिळेल. तोंडातून नळी घालून खडा काढायचा आणि मग पिशवी. उद्या संध्याकाळच्या पुढे थांबायचं नाही, असं त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. आणि बाबा नको म्हणत आहेत. तापाने अंग थरथरतंय, बोलताना दात वाजतात, आणि म्हणतात, "लाल झाली का बघून ये." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते शुद्धीवर आहेत. त्यांनी नाही म्हटलं तर मी हात लावू शकत नाही. तुम्हीच काहीतरी करा."

काय करू? तूच सांग. हिरवी मिरची एका दिवसात लाल करायचा काही उपाय आहे का तुमच्याकडे? पिकवायची काही पुडी, काही औषध? मघाशी मी पिशवीत लाल कागद शोधत होते, शोकेसच्या दिव्यांवर लावतो तो. म्हटलं टॉर्चवर लावून दाखवावी. हिरवं त्या कागदातून काळं दिसतं, लाल नाही, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. तरी मी शोधत होते. मला वेड लागायची वेळ आली आहे.

गाडी सकाळी निघून गेलेली आहे. हे पत्र उद्याच जाणार. तुझा फोन वाजतो आणि बंद होतो. काचघराच्या ऑफिसात केला, कुणी उचलला नाही.

—

४ एप्रिल, सकाळ

पुढे लिहिते. ड्रायव्हर दवाखान्याच्या दारात थांबला आहे, मीच त्याला बाजारातून बोलावून घेतलं.

उजाडल्यावर ताप जरा उतरला. बाबांनी पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं आणि मग माझ्याने राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. की दिवा टांगायचं मला सुचलं नव्हतं. दीड वीत, रात्री बंद, फुलांना टिचक्या, सगळं तुझं. तू जांभळा नको म्हणाला होतास आणि मी ऐकलं नाही. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला मला.

ते म्हणाले, "माहीत आहे."

मी म्हटलं, काय माहीत आहे?

"तुला दिवे कळतात, झाड नाही. 'झाडालाही झोप लागते' हे तू म्हणालीस तेव्हाच कळलं. तुला कुठलं सुचतंय ते." मग बराच वेळ डोळे मिटून पडले. मला वाटलं झोपले. मी उठायला लागले तर मनगट धरलं. हात तापलेला होता, पण पकड लेथवरचीच.

म्हणाले, "चार झाडं आहेत. बी कुठल्याचं धरायचं? एक बुटकं आहे पण भरपूर लागलंय. खिडकीकडच्याच्या मिरच्या जास्त वाकड्या आहेत. अंगणातलं झाड असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. दिव्याखालच्या झाडाचं मला कळत नाही. त्याला कळतं. त्याला विचार."

मी म्हटलं, विचारते, पण आधी आत चला.

तर म्हणाले, "त्याचं उत्तर आलं की चल."

ही तिसरी अट, बारक्या. आधी धरू दे, मग लाल होऊ दे, आता हे. काल असती तर मी डोकं आपटून घेतलं असतं. आज मी त्यांच्याकडे बघितलं. दवाखान्याच्या पांढऱ्या ट्यूबखाली ते हळदीसारखे दिसतात, सगळं स्पष्ट दिसतं, आणि त्यांचा चेहरा भांडण्याचा नव्हता. लाज वाटल्यासारखा होता. इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून तुझ्याबद्दल मी एक शब्द ऐकला नव्हता. आता त्यांनी तुला एक गोष्ट विचारली आहे, आणि ती त्यांना खरंच माहीत नाही.

मी म्हटलं, त्याच्याकडून लिहून आणते आणि वाचून दाखवते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तू नको. त्यानं सांगावं."

म्हणून या कागदाला उत्तर लिहू नकोस. चलनाच्या पाठीवर नको, फोनवर नको. ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी आहे, तो तुझ्यासाठी परत फिरायला तयार आहे, मी विचारून ठेवलं आहे. अंगावरच्या कपड्यांनी बस. हात मातीचे असले तरी असू देत. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, खिडकीजवळचा पलंग. तू आलास की मी बाहेर उभी राहीन, तुमच्या मधे एक शब्द बोलणार नाही. तू फक्त त्यांच्या पलंगाशी जा आणि कुठल्या झाडाचं बी धरायचं ते सांग. चूक सांगितलंस तरी चालेल. डॉक्टरीणबाई संध्याकाळपर्यंत थांबल्या आहेत.

दाराशी उभी,
तुझी ताई